सलाम गाळणारी चाळणी

स्फाक्स, ९ फेब्रुवारी

मामा,

सलाम नाही, तब्येतीची चौकशी नाही. सरळ मुद्द्यावर येते. फोरमवर मी आता हाच नियम केला आहे, तेव्हा तो आधी स्वतःला लावते.

'सकीफा' माझ्या हवाली करून तुम्ही केरकेना बेटाच्या बोटीत बसलात, त्यानंतर महिनाभर मी नुसती वाचत होते. अडलेल्या प्रोग्रामरनं आपल्या भाषेत विचारावं, ज्याला येतं त्यानं सांगावं, एवढ्यासाठी तुम्ही ती उघडलीत. पण नाव दिलंत घराच्या दारातल्या बैठकीचं, आणि लोक तिथं खरंच बैठक मारून बसलेत. एक माणूस विचारतो, माझा प्रोग्राम का बंद पडतो. त्याआधी आठ ओळी सलाम आणि दुआ. उत्तर देणारा आधी सलाम परत करतो, मग त्याच्या आईवडिलांसाठी दुआ मागतो. मग उत्तर, दोन ओळींचं. मग बारा जण येऊन उत्तर देणाऱ्याला आरोग्य चिंततात. उत्तर शोधायला गेलं की सापडतं काय, तर लोकांच्या आया सुखरूप आहेत.

तरुण मुलं असल्या पानावर थांबत नाहीत. ती इंग्रजी फोरमवर जातात, नाहीतर यंत्रालाच विचारतात. तुम्ही चौदा वर्षं चालवलेली गोष्ट माझ्या हातात बुडायला नको.

म्हणून मी एक चाळणी लिहिली. कोणी काही लिहून पाठवलं की त्यातले सलाम, दुआ, माफ्या आणि आभार चाळणी गाळते आणि उरलेलं पानावर जातं. गाळल्यावर काहीच उरलं नाही तर काहीच जात नाही. वारंवार रिकामं लिहिणाऱ्याचं खातं आपोआप बंद होतं. कोणाला काही सांगत बसावं लागत नाही.

पानं आता आरशासारखी दिसतात. येऊन बघा.

शीराज

ता. क. फोन करणार होते. पण नियम तुमचाच: फोरम चालवणाऱ्यांनी आपसातलं ईमेलवर पत्र लिहूनच कळवायचं, कारण फोनवर भांडण लवकर होतं.


केरकेना, १४ फेब्रुवारी

माझ्या बहिणीच्या काळजाच्या तुकड्या, स्फाक्सच्या सगळ्या प्रोग्रामरांच्या मुकुटमणी शीराज, तुझ्यावर शांती असो, तुझी सकाळ मोगऱ्याची असो, तुझ्या कचेरीतलं कॉफीचं यंत्र कधी न बिघडो. तू कशी आहेस? आई कशी आहे? बॉस कसा आहे? त्याचं पोट? मांजर?

आता मुद्दा. तुझ्या चाळणीतून हे पत्र गेलं तर इथून सुरू होईल.

बघितली तुझी सकीफा. स्वच्छ आहे. इतकी स्वच्छ की पायातले जोडे हातात घेऊन फिरलो. उत्तर झटकन सापडतं, हे कबूल. एका पोरीनं वेळेच्या हिशोबाचा फार सुंदर उलगडा केला आहे. मी तिच्याखाली लिहिलं, 'अल्लाह तुला आरोग्य देवो.' ते दिसलं नाही. वाटलं, हात चुकला. पुन्हा लिहिलं. मग आणखी दोघांखाली लिहिलं. मग आठवलं, अरे, चाळणी! हसलो. तुझी मामी हयात विचारायला लागली, एकटाच काय हसतोस.

एकच विचारतो. लिबियातल्या मिसराताच्या हाज्जा मब्रूकाचं उत्तर तू चाळणीतून काढून बघितलंस का? ती बँकेत असताना बँकेचं अख्खं सॉफ्टवेअर तिनं लिहिलं. पण कुणाची चूक दाखवायची तर आधी त्याच्या आजोबांपर्यंत चौकशी करते. आम्ही म्हणायचो, हाज्जाकडून चूक कळली की माणसाला बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. ते सगळं गाळलं तर खाली काय उरतं?

ऑक्टोपस वाळत घातलेत. येशील तर नेशील.

मामा


स्फाक्स, ३ मार्च

मामा,

खाली काय उरतं ते कळलं. 'नाही' उरतं.

कैरुआनचा लसाद म्हणून एक आहे, ऑलिव्ह तेलाच्या गिरणीचं सॉफ्टवेअर लिहितो. त्यानं आपला कोड दाखवून विचारलं, हे बरोबर आहे का. हाज्जानं उत्तर लिहिलं. पानावर आलं ते एवढंच: 'नाही. असं कोणी लिहीत नाही. सगळं पुसून टाक.'

लसाद भडकला. म्हणाला, 'बाई, मी तुमच्या घरचा नोकर आहे का?' ते काही चाळणीत अडकलं नाही, कारण शिव्या गाळायचं मी तिला शिकवलंच नव्हतं. दोघे त्याच्या बाजूनं आले, तिघे हाज्जाच्या. एकानं लिबियाचं नाव घेतलं, एकानं ट्युनिशियाचं. दुसऱ्या दिवशी फुटबॉलवर गेले. मी पान बंद केलं.

हसू नका. तुम्ही हसताय ते मला इथं ऐकू येतंय.

तेव्हापासून हाज्जा गप्प आहे. माफी नाही, खुलासा नाही, काही नाही. तुम्ही म्हणता तशी ती गोड असती तर एक शब्द तरी लिहिला असता. आणि तिच्याशिवाय अडतंय. जुन्या बँकांचे, गोदामांचे, कारखान्यांचे प्रोग्राम दुसऱ्या कुणाला येत नाहीत. प्रश्न येतात आणि पडून राहतात. मी उत्तरं द्यायचा प्रयत्न केला. लसादनं मला लिहिलं, 'तुम्ही राहू द्या.'

तुमचं लोक ऐकतात. फोरमवर चार ओळी लिहा. तुमच्या पद्धतीनं लिहा हवं तर, तुमच्यापुरती चाळणी बाजूला करते.

शीराज


केरकेना, ६ मार्च

प्रिय शीराज, शांती असो.

चार ओळी मी लिहिल्या असत्या. पण इथं इंटरनेट बरं नाही. समुद्राखालून केबल येते, वारा सुटला की हलते. शिवाय डोळ्यांत थेंब घालतोय. शिवाय हयात म्हणते, निवृत्त झालास तर निवृत्तासारखा राहा.

घर आता तुझं आहे. तुझ्या घरात तूच बोललेलं बरं. जुनं सामान बाहेर काढल्याशिवाय नवं नीट लागत नाही, हे मला कळतं. मला त्याचं काही नाही.

बोट दोन दिवस बंद आहे. मासे मात्र चांगले मिळताहेत.

मामा


स्फाक्स, १९ मार्च

मामा,

केबलला वारा लागत नाही. ती पाण्याखाली आहे. आणि मामी रोज सकाळी वाळत्या ऑक्टोपसचा व्हिडिओ टाकते. काल तर पाच मिनिटांचा होता, त्यात तुम्ही मागे खुर्चीत बसून कॉम्प्युटरकडे बघताय.

जुनं सामान कोणी काढलं? मी तुम्हाला बोलावून बोलावून थकले.

आता मी खरं काय ते लिहिते. सकीफा रिकामी होतेय. जुने उत्तर देणारे एकेक करून गप्प झालेत. भांडण नाही, निरोप नाही, एक दिवस लिहितात आणि दुसऱ्या दिवशी नाहीत. ताताविनचा तो शाळामास्तर, सूसची ती दोघं भावंडं, सगळे. हाज्जा मब्रूकाला मी फोरमच्या आतल्या टपालानं पुन्हा पुन्हा निरोप पाठवले. माझं चुकलं असेल तर सांगा, म्हणून लिहिलं. एकही तिनं उघडून बघितला नाही. रुसायचं म्हणजे किती!

सगळ्यांना राग चाळणीचा आहे हे मला कळतं. पण राग आला तर माणूस दार आपटतो. हे लोक चपलासुद्धा वाजवत नाहीत.

आणि तुम्ही. तुम्हाला बघायचंय, की पोरगी बुडते का. बुडतेय. बघा.

शीराज


केरकेना, २१ मार्च

शीराज, मी मामी लिहितेय. तो मशिदीत गेलाय, तेवढ्यात लिहिते. मला तुमच्या त्या फोरमातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

पण तू त्याला बाहेर का काढलंस ग?

रोज सकाळी कॉफी घेऊन बसतो, तुमचं ते पान उघडतो, नाव टाकतो, शब्द टाकतो, बघतो, झाकण लावतो. मग दिवसभर जाळी दुरुस्त करत बसतो, धड जाळी पण दुरुस्त होत नाही. मी विचारलं, काय झालं. म्हणाला, 'काही नाही, पोरीनं खातं बंद केलं. बरोबर केलं. म्हातारे लोक दारात बसले की नवे आत येत नाहीत.' मी म्हटलं, विचार तिला. म्हणाला, 'हाकललेल्या माणसानं दार वाजवू नये.' असा तो तुझा मामा.

तुला काढायचंच होतं तर तोंडावर सांगायचं. आणि वर पत्रात लिहितेस, या, बोला. हे काही शोभत नाही.

ऑक्टोपस दोन बाजूला ठेवलेत तुझ्यासाठी. राग वेगळा, ऑक्टोपस वेगळा.

हयात


स्फाक्स, २१ मार्च

मामा,

मी नाही. चाळणीनं.

तुम्ही त्या दिवशी तिघांना आरोग्य चिंतलंत ना, ते सगळं रिकामं मोजलं गेलं. 'खातं आपोआप बंद होतं' हे मी तुम्हाला लिहिलं होतं आणि नंतर स्वतः विसरून गेले.

आत्ता सगळी उघडली. तुमचं, मास्तरांचं, भावंडांचं. हाज्जाचंही बंदच होतं. ती रुसली नव्हती मामा. चाळणी गाळलेलं फेकत नाही, बाजूला ठेवते. ते आज पहिल्यांदा वाचलं. भांडणानंतर तिनं लसादला माफी मागून लिहिलं होतं. एकदा नव्हे. प्रत्येक माफी रिकामी मोजली गेली, आणि शेवटी कुलूप पडलं. मी कुलपाच्या आत निरोप टाकत बसले आणि म्हटलं, उघडून बघत नाही.

तिच्या खात्यावर आता कुलूप नाही, पण ती येत नाही. आजही नाही.

चाळणी बंद केली आहे. तुम्ही मला काही तरी बोला. कसंही.

शीराज


केरकेना, २२ मार्च

शीराज,

आज सलाम मागाहून.

बोलायचं ते बोट आली की बोलेन, भरपूर आहे. माझ्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. मी मूर्ख आहे आणि तुझी मामी मला ते कालपासून सांगतेय, तेव्हा तू सांगायची गरज नाही.

हाज्जाचं ऐक. ती स्फाक्समध्ये आहे. काल सुनेबरोबर हद्द ओलांडून आली. डॉक्टरला डोकं दाखवायला.

तिनं मला पंधरा दिवसांपूर्वी फोन केला होता. म्हणाली, 'नौफल, माझं डोकं चाललं. जे लिहिलंच नाही ते मी लिहिलं असं मला आठवतं. कालपरवा तर रोजचा पासवर्ड विसरले.' मी काय म्हटलं? 'हाज्जा, या वयात व्हायचंच. मीसुद्धा चष्मा शोधत फिरतो.' धीर दिला तिला. वाटलं, तिलाही बाहेर काढलंय आणि बिचारी मानानं झाकतेय. माझ्यासारखीच.

आता तुझं पत्र वाचून उभा राहिलो ते बसलोच नाही. तिनं सलाम लिहिला, पानावर बघितला तर नाही. माफी लिहिली, बघितली तर नाही. पुन्हा लिहिली, पुन्हा नाही. कोणाला वाटेल, यंत्र खातंय? चाळणीचं मला सांगितलं होतंस, इतरांना कुठे सांगितलं होतंस?

आणि पासवर्ड. ज्याचं खातं बंद असतं त्याला पानावर 'पासवर्ड जुळत नाही' असं दिसतं. ते वाक्य माझं. पहिल्या वर्षी लिहिलेलं. हाकललेल्याला तोंडावर 'हाकललं' म्हणू नये, त्याची शोभा होते, म्हणून. मी ते वाचलं आणि मला लगेच अर्थ कळला. तिला कळला नाही. तिला वाटलं, विसरले.

तू सभ्यपणा काढून टाकलास, मी सभ्यपणानं खोटं बोललो. दोघांनी मिळून त्या बाईचं काय केलं बघ.

तिचा फोन लागत नाही, इथलं सिमकार्ड नसावं. दवाखान्याचं नाव आणि तारीख तिनं त्या फोनवरच सांगितली होती, खाली देतो. उद्या सकाळची वेळ आहे. तिचा नंबर लागायच्या आत जा आणि सांग.

तुझ्यावर शांती असो.

मामा


स्फाक्स, २६ मार्च

मामा,

वेळेवर पोहोचले. सांगायला मात्र उशीर झाला, कारण तिचा सलाम.

मी शीराज, नौफलची भाची, एवढं म्हटलं आणि तिनं मला जवळ ओढून बसवलं. तुम्ही कसे? मामी कशी? तुमचे डोळे? ऑक्टोपस यंदा कसा? मी नोकरी कुठे करते, पगार वेळेवर होतो का, बॉसचं वागणं कसं? मी प्रत्येक वेळी तोंड उघडत होते आणि प्रत्येक वेळी तिथं एक नवा प्रश्न येऊन बसत होता. सलाम चालू असताना मध्येच कबुली घालता येत नाही. सून हातातली फाइल घट्ट धरून बसली होती. नंबर पुकारायला दोनच माणसं राहिली, तेव्हा मी तिचं बोलणं तोडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

सगळं सांगितलं.

तिनं विचारलं, 'म्हणजे मी लिहिलं होतं?'

'हो.'

'लसादला माफीसुद्धा?'

'सगळ्या माफ्या. मी वाचल्या. शेवटची फार सुंदर आहे.'

'वाच.'

मी फोनवर काढली आणि त्या दवाखान्यात मोठ्यानं वाचली. ती डोळे मिटून ऐकत होती. ओठ हलत होते. शेवटचं वाक्य तिनंच पुरं केलं, माझ्या आधी, एक शब्द इकडे तिकडे न करता. मग डोळे उघडले आणि सुनेकडे वळली.

'ऐकलंस? आता गॅस मी लावणार.'

सून म्हणाली, 'लावा, आई.'

'आणि कपाटाच्या किल्ल्या.'

'घरी गेल्यावर, आई.'

'पर्समध्ये आहेत तुझ्या. मला माहीत आहे. मला सगळं माहीत असतं.'

सुनेनं किल्ल्या काढून दिल्या. मामा, तिच्या घरात एवढं झालं होतं. गॅस, किल्ल्या, आणि नातवाला शाळेतून आणायलाही पाठवत नव्हते.

तेवढ्यात नंबर आला. मी म्हटलं, आता कशाला जाता? ती म्हणाली, 'माणूस वाट बघत बसला असेल, त्याला न सांगता कसं जायचं? शोभतं का?' आणि एकटीच आत गेली.

अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आला. तरुण आहे, स्वभावानं गरीब. मला आणि सुनेला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, 'आजी म्हणतात की एक यंत्र आहे आणि ते त्यांचे सलाम खातं. लोकांची माफी मागितली की तीही खातं. हे असं त्या कधीपासून बोलताहेत?'

मी म्हटलं, 'डॉक्टर, खरं आहे ते.'

'कुठलं यंत्र?' त्यानं विचारलं.

'यंत्र माझं आहे,' मी म्हटलं. 'मीच लिहिलं. मुद्दाम.'

'सलाम खाणारं?'

'दुआसुद्धा.'

'का?'

मामा, याचं माझ्याकडे फेब्रुवारीत उत्तर होतं. पानं, वेळ, तरुण मुलं, सगळं पाठ होतं. तिथं, त्या पांढऱ्या कोटासमोर, मी एवढंच म्हटलं, 'पानं आरशासारखी दिसावीत म्हणून.' तो म्हणाला, 'आजींचं काही नाही, त्या जाऊ शकतात. तुम्ही जरा आत येता का?' आतून हाज्जाचा आवाज आला, 'तिला सोड रे बाळा, तिलाही काही झालेलं नाही. तरुण आहे, एवढंच.'

बाहेर आल्यावर तिनं माझ्या हाताला धरून रस्ता ओलांडला. तेव्हा विचारलं, 'आणखी कितीजणांचं असं झालं?'

'बरेच असतील.'

'त्यांना सांगितलंस?'

'खाती उघडली आहेत सगळ्यांची.'

'दार उघडं आहे हे त्यांना कसं कळणार? ते काय रोज येऊन ढकलून बघतात?'

(एक जण बघत होता, असं मी म्हटलं नाही.)

'लिही त्यांना,' ती म्हणाली. 'एकेकाला. आणि यंत्राकडून नको. त्याला कळलं पाहिजे की त्याचं डोकं शाबूत आहे.' मग म्हणाली, 'माझं मी आज रात्री बघते, कुणाकुणाचं अडलंय ते. त्या जुन्या गोदामवाल्याला थांबायला सांग, त्याला चुकीचं उत्तर दिलंयस तू.'

तीन दिवस लिहितेय. लवकर होत नाही. एकाच मजकुराच्या नकला काढता येत नाहीत. कुणाला मूल झालंय, कुणाचे वडील गेले, आणि हे सगळं त्यांनी लिहिलेलं होतं, चाळणीत पडलेलं होतं. ते आधी वाचावं लागतं.

आज ताताविनच्या मास्तरांचं उत्तर आलं. मी दोन पानं माफी लिहिली होती. त्यांनी फोरमबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. पत्रात एकच ओळ: 'अल्लाह तुझं भलं करो, तुझी आई कशी आहे?'

खरं काय ते मला माहीत नव्हतं. म्हणून महदियाला राहणाऱ्या आईला फोन केला.

बरी आहे. गुडघा दुखतोय. नौफल दोन महिन्यांत एकदाही बोलला नाही, म्हणते.

शीराज